सासऱ्याचं नाव

मूडली वकिलांच्या गाडीच्या बॉनेटवर टाइपरायटर ठेवून मी टाइप करत होते आणि ते माझ्याभोवती येरझाऱ्या घालत होते. दर दोन मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि दर दोन मिनिटांनी मला सांगायचे, जणू माझ्या मनगटावर घड्याळ नव्हतंच.

"जैतून, सव्वादहा."

"माहीत आहे, सर."

"पोस्ट बाराला बंद होतं. शनिवार आहे."

"मला वाराचंही माहीत आहे."

ते हसले नाहीत. एरवी हसले असते. डर्बनच्या त्यांच्या ऑफिसात मी दोन वर्षं टायपिस्ट होते आणि माझ्या तिखट जिभेची त्यांना सवय झाली होती. पण तीन दिवस त्या डोंगरातल्या रस्त्यांवर गाडी हाणून, मक्याची लापशी खाऊन आणि गाडीतच झोपून आम्हा दोघांचीही थट्टेची ताकद संपली होती.

ही जून १९८२ ची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने जाहीर केलं होतं की इंग्वावूमाचा हा सगळा डोंगरपट्टा शेजारच्या स्वाझीलँडच्या राजाला देऊन टाकायचा, माणसांसकट. इथल्या कोणाला विचारलं नव्हतं. एक रेघ पुसायची, दुसरी मारायची, की हजारो काळी माणसं घरबसल्या परदेशी होणार, आणि गोऱ्यांच्या राज्यात तेवढी काळी डोकी कमी. लोक चिडले होते, सभा घेत होते. सोमवारी डर्बनच्या कोर्टात कागद दाखल व्हायचे होते. खटला लढणारे मोठे वकील वेगळे होते. मूडलींसारखे आठ-दहा लहान वकील गावोगाव फिरून फक्त शपथपत्रं गोळा करून देत होते.

मला बरोबर घेतलं होतं ते माझ्या झुलू भाषेसाठी. आम्ही मूळचे दाभोळकडचे कोकणी मुसलमान. माझे आजोबा बोटीने आफ्रिकेत आले आणि वडिलांनी उसाच्या मळ्यांजवळ एका आडगावात दुकान टाकलं. दुकानाच्या पायरीवर झुलू पोरींशी सागरगोटे खेळत मी वाढले, त्यामुळे ती भाषा मला आईच्या बोलीइतकीच येत होती. निदान मला तसं वाटत होतं.

तीन पुरुषांची शपथपत्रं आधीच्या दोन दिवसांत झाली होती. पण मूडली म्हणत होते, "सरकार म्हणेल ही राजकीय पक्षाची माणसं आहेत. मला एक म्हातारी हवी. कुठल्या सभेला न गेलेली. जिच्या घरची कबर तिच्या अंगणात आहे अशी."

गावातल्या शाळेचे झिखाली मास्तर आमचे वाटाडे होते. त्यांनी आम्हाला माझुंगूच्या घरी आणलं.

माझुंगू म्हणजे झुंगूंची लेक. लग्न होऊन पन्नास वर्षं झाली तरी तिकडे बाईला माहेरच्या कुळावरूनच हाक मारतात. साठी उलटलेली, काटक, तोंडात तंबाखूची चिमूट. नवरा खाणीत वारलेला, मुलगा डर्बनच्या गोदीत, सून बाळंतपणाला माहेरी. दुष्काळात गुरं गेली होती, शेवटची शेळीही गेली होती. रिकाम्या गोठ्याच्या वरच्या अंगाला दगड रचलेले होते. ती सासऱ्याची कबर. तो या उतारावर घर बांधणारा पहिला माणूस, आणि मूडलींना हवा होता तो नेमका हाच पुरावा.

ती आमच्याशी भरपूर बोलली. कोणत्या साली विहीर आटली, कोणत्या साली टोळ आले, सासरा कसा रागीट होता आणि तरी सुनेला पहिलं भांडं कसं स्वतः आणून दिलं. मी भराभर टिपून घेतलं. नावं झिखाली मास्तरांनी सांगितली. मी टाइप केलं: मी, अमुक, अमुकची विधवा, अमुकची सून, शपथेवर सांगते की. 'अमुकची सून' या जागी सासऱ्याचं पूर्ण नाव. ते नाव ती स्वतः एकदाही बोलली नव्हती. ती 'ते', 'घराचे धनी', 'गोठ्यापाशी झोपलेले' असंच म्हणत होती. हे माझ्या कानांवरून गेलं, आणि घाईत मी त्याचा विचार केला नाही.

सव्वाअकराला आम्ही खालच्या फाट्यावरच्या पोस्टात पोचलो. शपथपत्रावर शिक्का मारण्याचा अधिकार तिथल्या पोस्टमास्तरला होता. वकिलाला स्वतःच्याच पक्षकाराचा कागद साक्षांकित करता येत नाही. गोऱ्यांसाठी एक दार होतं, बाकीच्यांसाठी बाजूला एक खिडकी. खिडकीपुढे पत्र्याचं छप्पर आणि एक बाक.

पोस्टमास्तर गोरा, चाळिशीतला, चष्मा लावलेला, अगदी सभ्य माणूस. त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं, मग मूडलींना म्हणाला, "वकीलसाहेब, तुम्ही गाडीपाशी थांबा. मास्तरांनाही घेऊन जा. शपथ घेणाऱ्यावर दबाव नको. दुभाषी चालेल."

मूडली माझ्याकडे बघत मागे सरले. जाता जाता त्यांनी मनगटावर बोट ठेवलं.

पोस्टमास्तरने कागद वाचला. सावकाश. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हा एकेक ओळ चघळतोय. मग त्याने मान वर केली आणि झुलूत बोलला. माझ्यापेक्षा चांगल्या झुलूत.

"आई, या कागदात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे?"

"माहीत आहे," माझुंगू म्हणाली.

"सगळं खरं आहे?"

"खरं आहे."

"छान. पहिल्या ओळीत लिहिलंय की तुम्ही कोणाच्या तरी सून आहात. कोणाच्या?"

माझुंगूने खाली बघितलं.

"या घराच्या धन्याच्या," ती म्हणाली.

"नाव?"

तिने बाकाचं टोक धरलं.

मी इंग्रजीत म्हणाले, "नाव कागदावर आहे, सर."

"कागदावर आहे ते मला दिसतंय. कागद तू टाइप केलास. तिला ते ठाऊक आहे याची खात्री करणं माझं काम आहे. जिला स्वतःच्या सासऱ्याचं नाव सांगता येत नाही, ती कोणाची जमीन आपली म्हणतेय?" मग तो जरा पुढे झुकला आणि मंद हसला. "मी इथेच लहानाचा मोठा झालो, मिस. मला ज्या बाईने वाढवलं ती याच डोंगरातली. सासऱ्याचं नाव तर सोडच, त्या नावाशी मिळताजुळता शब्दसुद्धा तिने कधी तोंडात घेतला नाही. तिला मीठ मागायचं असलं तरी ती बोटाने दाखवायची. ही माणसं मला चांगली माहीत आहेत."

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. घोडं कुठे अडणार हे त्याने कागद वाचतानाच हेरलं होतं. मला इतका संताप आला की खिडकीचे गज धरून हलवावेसे वाटले. पण संतापाच्या तळाशी दुसरं काही होतं, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. हे मलाही ठाऊक असायला हवं होतं.

माझ्या आईने उभ्या जन्मात वडिलांचं नाव घेतलं नाही. माझं शाळेत नाव घालायच्या वेळी मुख्याध्यापिकेने विचारलं, मुलीच्या वडिलांचं नाव? आई मला म्हणाली, "तुज्या बापाचा नाव मी कसा घेवू? तूच सांग काय तो." मी सहा वर्षांची. शिरगणतीचा माणूस आला तेव्हा तिने त्याला हाताला धरून रस्त्यावर नेलं आणि दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवलं. आम्ही भावंडं वर्षानुवर्षं तिची टिंगल करत होतो. आणि तीच मी, बॉनेटवर टाइपरायटर ठेवून, एका सुनेच्या तोंडी तिच्या सासऱ्याचं नाव टाइप करून मोकळी झाले होते. लग्न होऊन घरात आलेल्या बाईऐवजी घरात जन्मलेली बाई शोधली असती, एखादी नणंद, तर तिने ते नाव खुशाल दहा वेळा घेतलं असतं. लेकींना ही बंदी नसते. झिखाली मास्तर पुरुष, त्यांना सुचलं नाही. मी बाई असून मला सुचलं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात बाराला वीस कमी होते.

"तिला सांग," पोस्टमास्तर म्हणाला, "नाव सांगता येत नसेल तर हरकत नाही. घरी जावं."

मी माझुंगूकडे वळले. ती बाकाच्या टोकाला हात धरून उभी होती. तंबाखू तिने केव्हाच थुंकून टाकली होती.

"आई," मी हळू आवाजात म्हणाले, "एकदाच घ्या."

"पोरी, तुला कळत नाही."

"कळतं. आमच्यातही असंच आहे."

"मग कशाला सांगतेस?"

 बाहेर मूडलींचा टक लावलेला चेहरा, आत तो चष्मा, आणि सोमवार. मी खोटं बोलले.

"या खिडकीत घेतलेलं नाव मोजत नाहीत," मी म्हणाले. "इथे सगळं कागदाचं असतं. तोंडाने बोललेलं इथे धरत नाहीत. मी वकिलाकडे काम करते, मला माहीत आहे. तुमच्या गेलेल्या मोठ्यांनाही ते कळेल."

माझी नजर तिच्या पायांवर होती. तिच्या पायांत टायर कापून केलेल्या चपला होत्या, आणि डाव्या पायाची करंगळी नव्हती. माणूस खोटं बोलत असला की किती बारीकसारीक बघतो.

 मग तिने खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी ओढून गळ्यापर्यंत घेतली. सासऱ्यापुढे जाताना तिकडच्या सुना खांदे झाकतात. ती खिडकीच्या गजांजवळ गेली आणि तिने नाव घेतलं.

"ऐकू आलं नाही," पोस्टमास्तर म्हणाला.

तिने पुन्हा घेतलं.

"पूर्ण नाव, आई. बापाच्या नावासकट."

तिसऱ्यांदा तिने ते मोठ्याने घेतलं. बाहेर झिखाली मास्तरांनी झटकन मान फिरवली. टपालाच्या रांगेतल्या दोन बायकांनी तोंडावर पदरासारखं फडकं धरलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते मी एकदा टाइप केलंय, तेवढं पुरे.

पोस्टमास्तरचं हसू मावळलं होतं. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला, तिचा अंगठा घेतला, सही केली, शिक्का मारला. बाराला आठ कमी. कागद माझ्या हातात देताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

परतताना मूडली खुशीत होते. "जैतून, तू नसतीस तर," ते म्हणत राहिले. मी खिडकीबाहेर बघत होते. माझुंगू मागे माझ्या शेजारी बसली होती, हात मांडीवर, अंगठा, शाई शालीला लागू नये म्हणून, वेगळा धरून. 

तिच्या घरापाशी गाडी थांबली. ती उतरली, काट्यांच्या कुंपणातल्या फटीपर्यंत गेली आणि तिथेच, बाहेरच, एका दगडावर बसली. आत तिची झोपडी होती, दार उघडं होतं, दारात पाण्याचा डबा होता.

"ती आत का जात नाही?" मी झिखाली मास्तरांना विचारलं.

मास्तर गाडीच्या काचेवर हात ठेवून उभे होते. "आता कशी जाईल? घर त्यांचं आहे, ज्यांचं नाव घेतलं त्यांचं. मुलगा येईल, बकरा कापेल, त्यांची समजूत घालेल, मग जाईल."

"मुलगा कधी येईल?"

"गोदीवाल्यांना डिसेंबरात सुट्टी असते."

जून चालू होता. तिकडे जूनमध्ये थंडी असते.

"जैतून," मूडली म्हणाले, "सहा तासांचा रस्ता आहे."

मी उतरले नाही. हे मला सांगायलाच हवं. एक दार उघडून दहा पावलं चालायची होती, आणि मी मांडीवर फाइल धरून बसून राहिले. गाडी निघाली. मी मागे वळूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर उतरावं लागलं असतं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. कोर्टाने सरकारचं फर्मान रद्द केलं. सरकारने स्वतःचाच कायदा पाळला नव्हता, एवढ्या मुद्द्यावर. ऑफिसात पेढ्यांऐवजी समोसे आले. मी मूडलींना विचारलं, माझुंगूच्या शपथपत्राचं काय झालं?

"कोणाचं? हां, त्या म्हातारीचं. गरजच पडली नाही. साक्षींपर्यंत प्रकरण गेलंच नाही." समोशाचा कोपरा मोडत ते म्हणाले, "फाइलीला आहे. कुठे जात नाही."

त्या रात्रीपासून मला धड झोप लागेना. घरात आईशी भांडायला लागले, उगाचच. सप्टेंबरात मी चार दिवसांची रजा टाकली आणि बस बदलत बदलत, शेवटचे पाच मैल पायी, तिथे गेले.

माझुंगू कुंपणाबाहेरच होती. वाटेच्या पलीकडे शेजारणीने मका ठेवायला बांधलेला एक आडोसा होता, त्यात तिने संसार मांडला होता. एक चूल, एक चटई. तिथून तिचं घर समोर दिसत होतं. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही. तिने चटईवर जागा करून दिली.

"जमीन राहिली," मी म्हणाले.

"मास्तरांनी सांगितलं. लोक नाचले." तिने चुलीत काटकी सारली. "न्यायाधीशाने वाचलं का ते नाव?"

"हो," मी म्हणाले. "मोठ्याने वाचलं. भर कोर्टात."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"पोरी, त्या खिडकीतही तू अशीच माझ्या पायांकडे बघून बोलत होतीस."

मी मान वर केली.

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तोंडाने बोललेलं धरत नाहीत म्हणे. मग तो ते मागत कशाला होता?"

"मग तुम्ही घेतलंत का?"

तिने तंबाखूची डबी काढली, चिमूट घेतली, मलाही पुढे केली. मी मान हलवली.

"त्या माणसाला खात्री होती की मी घेणार नाही. इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आमच्याच एका बाईने त्याला खाऊ घातलं, अंगाखांद्यावर खेळवलं, आणि त्याने त्यातून एवढंच उचललं. म्हटलं, बघ तर मग." तिने घराकडे, गोठ्यावरच्या दगडांकडे बघितलं. "आणि यांना मी रोज सांगते. तुमचं नाव राखलं असतं तर तुमच्या हाडांवर परका राजा आला असता. रागवा, पण ऐकून घ्या. अजून ऐकत नाहीत. आधीपासून तापटच."

"मी बकरा आणते," मी घाईघाईने म्हणाले. "उद्याच आणते. बाजार कुठे भरतो?"

ती हसली. "तू कोण? बकरा घरच्या पुरुषाने द्यायचा असतो. तुझ्या बकऱ्याचं नुसतं मटण होईल." मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "आता खरं सांग. वाचलं का?"

"नाही," मी म्हणाले. या वेळी तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, आणि ते फार अवघड गेलं. "कोणीच वाचलं नाही. कागद फाइलीत पडून आहे. त्याची गरजच लागली नाही. तुम्ही नाव घेतलं नसतं तरी जमीन राहिली असती."

आता ती काय करेल ते मला कळेना. मी मार खायला बसल्यासारखी बसले होते. तिने विचार केला. काटकीने निखारा मागेपुढे केला.

"मग बरंच झालं," ती म्हणाली. "भर सभेत निघालं असतं तर दोन बकरे लागले असते."

मला रडू आलं. तिने बघून न बघितल्यासारखं केलं. वारा सुटला होता, तिने शाल ओढून घेतली आणि समोरच्या झोपडीकडे बोट केलं.

"थंडी वाजतेय. शेजारीण आज बाजाराला गेलीय. तू परकी, तुला आत जायला चालतं. माझं घोंगडं आण. दारातून आत गेलीस की उजव्या हाताला, तट्ट्यावर. वाकून जा, चौकट खाली आहे."

मी वाट ओलांडली, कुंपणाच्या फटीतून आत गेले, अंगण ओलांडून वाकून दारात शिरले. आत शेणाने सारवलेली जमीन होती, थंड आणि स्वच्छ. शेजारीण सारवत असणार. भिंतीला टांगलेली भांडी, मुलाचा फोटो, नवऱ्याचा खाणीतला टोप. तीन महिने तिने हे लांबून बघितलं होतं. मी त्याच्या मधोमध उभी होते आणि मला कोणी काही म्हटलं नाही. तट्ट्यावरचं घोंगडं उचलून मी बाहेर आले आणि तिच्यापुढे ठेवलं.

तिने ते हाताने चाचपलं.

"हे मुलाचं," ती म्हणाली. "माझं तपकिरी आहे. त्याच्या खाली असेल, जा."

मी पुन्हा आत गेले.